शंभर फुटीवरचं बिनपाटीचं गॅरेज

वडिलांनी बरेच बदल करून ठेवलेली जिप्सी मी सांगलीतल्या एका गॅरेजात परत मूळच्यासारखी करून घेतली, त्याचं हे सांगणं. आधी पैशाचं सांगते, कारण गाडी बघून विचारणारे पहिलं तेच विचारतात. ८२,९०० रुपये झाले. वीस दिवसांचा वायदा होता, अडतीस लागले. पक्कं बिल नाही. वहीच्या पानावर पेन्सिलीनं मांडलेला हिशेब आहे, त्याच्या कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटलाय. एवढं होऊनही पुढचं काम निघालं तर मी तिथंच जाईन.

गाडी तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मारुतीची जिप्सी किंग, ऑक्टोबर २००० ची, १२९८ सीसी. तात्या २०२३ ला गेले आणि फॉर्म ३१ भरून गाडी माझ्या नावावर झाली. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाड्यांचा नाद मला नाही, तो त्यांचा. पण विकायला जीव होत नव्हता, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला रजिस्ट्रेशन संपत होतं. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं मिळतात, पुढं दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरायचा, गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायची. २०१५ ला आणि २०२० ला तात्यांनी हे कसं पार पाडलं ते घरात सगळ्यांना पाठ आहे. आदल्या रात्री माळ्यावरून मूळच्या रिंगा आणि टायर खाली यायचे, बुलबार, म्हणजे तोंडापुढचा लोखंडी पाइपचा गार्ड, सुटायचा, सायलेन्सर बदलायचा. तपासणी झाली की दिवेलागणीपर्यंत सगळं परत जागच्या जागी. एक दिवसाचं सोवळं. मला ते जमण्यातलं नव्हतं. मला एकदाच आणि कायमची मूळची गाडी हवी होती.

यासाठी कोण भेटेल, तर ज्यांनी ती बिघडवली तेच. 'बिघडवली' हा माझ्या आईचा शब्द.

सांगलीत शंभर फुटी रस्त्याला गॅरेजवाल्यांची रांग आहे, त्यातल्या एका बोळात आत गेलात की डाव्या हाताला पत्र्याचं शेड लागतं. पाटी नाही. पूर्वी होती, 'सर्व प्रकारचे मॉडिफिकेशन करून मिळेल' अशी, लाल अक्षरांत. ती उतरवली, आणि आता तिचा पत्रा वेल्डिंगच्या ठिणग्या शेजारच्या दुकानात जाऊ नयेत म्हणून आडवा लावलाय. उलटा. अक्षरं भिंतीकडं. मालक मिरजेचे, साठी ओलांडलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. नाव लिहू का विचारलं तर म्हणाले, "नको ताई. गिऱ्हाईक आलं तर बरंच हाय, पण साहेब आला तर चहा पाजायचा का गाड्या लपवायच्या?" म्हणून नाव नाही.

२३ जुलैला गाडी नेली. चाचांनी हातात खडू घेतला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. जिथं कंपनीचं नाही तिथं फुली. बुलबारवर एक. इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणाऱ्या, मडगार्डमधून वर गेलेल्या स्नॉर्केलच्या पाइपवर एक. एकतीस इंची टायरवर एक, आणि गाडी उचलायला कमानपाट्यांना घातलेल्या लांब शॅकलवर एक. सायलेन्सर, टपावरची एलईडी पट्टी, हेडलाइटमधले शंभर-नव्वद वॉटचे बल्ब, तीन सुरांचा हॉर्न, काचांची काळी फिल्म, मागचे समोरासमोरचे सीट, देवनागरी आकड्यांची नंबरप्लेट. शेवटची फुली बॉनेटवर काढली, सगळ्यात मोठी, कारण तात्यांनी २०२१ ला गंज काढायच्या निमित्तानं गाडी मिलिटरीच्या हिरव्या रंगात रंगवली होती. हा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१ व्या नियमानं फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे, आणि आरसी बुकात आमची गाडी पांढरी.

बारा फुल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगीत न बसणारा बदल गाडीच्या मालकानं केला तर एकेका बदलाला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बारा पंचे साठ, म्हणजे साठ हजार. नीट वाचलं तर सगळ्याच फुल्या त्या कलमात बसत नाहीत, प्लेटला, काचांना, हॉर्नला त्यांचे वेगळे नियम आहेत, पण बोळात उभं राहून हिशेब असाच होतो. चाचांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "यातल्या नऊ माझ्याच हातच्या हायत."

मला हा माणूस तिथंच पटला.

कायद्याचं थोडं सांगावं लागेल, कारण याच्याशिवाय त्या शेडमधलं काहीच कळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, प्रकरण केरळचं होतं. कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ न्यायालयानं असा लावला, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. इंधन बदलायचं असेल, उदाहरणार्थ सीएनजी किट, तर त्याला वेगळी वाट ठेवलेली आहे. मग त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून केंद्रानं दंड वाढवले. आपल्या राज्यात वाढीव दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या जवळजवळ तीन वर्षांत शंभर फुटीवर जे झालं ते चाचा एका वाक्यात सांगतात: "आधी गिऱ्हाईक कमी झालं, मग गिऱ्हाईक उलटं झालं." म्हणजे जे लोक लावून घ्यायला यायचे तेच काढून घ्यायला यायला लागले. त्यांच्या शेडच्या मागच्या भिंतीला एका ओळीत नऊ बुलबार टेकून ठेवलेत. सगळे त्यांनीच वाकवलेले, सगळे परत आलेले. बघताना मला आमच्या कॉलेजच्या स्टोअररूममधल्या जुन्या तराजूंची आठवण झाली. उत्तम चालतात, अभ्यासक्रमात नाहीत.

आता कामाबद्दल.

सगळ्यात सोपा बुलबार. दोन इंची पाइप, चार बोल्ट, पाना लावला आणि सुटला. तोलून बघा म्हटलं, तर बावीस किलो भरला. बावीस किलो, तेही पुढच्या चाकांच्याही पुढं टांगलेलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. एअरबॅगच्या सेन्सरचा घोळ होतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त लागतं, ही त्यामागची कारणं. जिप्सीला एअरबॅगच नाही, त्यामुळं तात्या म्हणायचे हा नियम आपल्याला नाही. पण पायी चालणारा तर सगळ्या गाड्यांपुढं सारखाच असतो. वर्गात मी मुलांना शिकवते की गाडीचं तोंड चेपतं तेव्हा ते आपल्या वाटणीचा धक्का घेत असतं. आणि घरी गाडीच्या तोंडाला लोखंडी पाइप. हे मी तात्यांना त्यांच्या हयातीत कधी बोलले नाही. ही फुली पुसली गेली याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

टायरचंही तसंच. मूळचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास होतो ६६८ मिलिमीटर. तात्यांचे एकतीस इंची म्हणजे ७८७. जवळजवळ अठरा टक्के मोठे. स्पीडोमीटरला हे कळत नाही, तो आपला चाकाचे फेरे मोजतो. म्हणजे काटा ६० वर असताना गाडी खरी ७० नं पळत होती. "मी साठच्या वर कधी जात नाही" हे तात्यांचं आयुष्यभराचं वाक्य होतं, आणि ते मनापासून होतं. चाचांसमोर मी हा हिशेब मांडला तर ते बराच वेळ टायरकडं बघत राहिले. मग हेल्पर पोराला म्हणाले, "ऐकलास? हे त्या थारवाल्याला सांग."

माळ्यावरचे मूळच्या मापाचे टायर मी घेऊन गेले होते, पैसे वाचतील म्हणून. नक्षी एकदम नवी, चाललेच कुठं होते. चाचांनी टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले: १२०३. २००३ सालचा बारावा आठवडा. नखानं दाबलं तर कडेला केसासारख्या भेगा उघडल्या. "वापरला नाही तरी रबर म्हातारं होतंयच," म्हणाले, आणि चार नवीन घ्यायला लावले. २१,६०० तिथं गेले. काढलेले एकतीस इंची एका शेतकऱ्यानं नेले. तो ते कुठं लावणार, हे मी विचारलं नाही.

स्नॉर्केलपाशी मात्र माझा पाय अडला.

ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी सांगलीत काढला त्यांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. तात्या विश्रामबागेकडून दूध, मेणबत्त्या, कुणाकुणाची इन्शुलिनची इंजेक्शनं घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत जायचे, पुढं बोटी. बाकीच्या गाड्या जिथं थांबायच्या त्याच्यापुढं चारदोनशे फूट ही जिप्सी जायची, कारण इंजिनाचं नाक टपापाशी होतं. चारदोनशे फूट काही फार नाही. पण डोक्यावर दुधाचं कॅन घेऊन चालणाऱ्याला विचारा. आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, केंद्राच्या कायद्यात तरी तो पाइप पाच हजारांचा झाला. मी चाचांना म्हटलं, हा राहू द्या. ते म्हणाले, "ठेवतो की. पण इन्स्पेक्टरनं विचारलं तर तुम्ही पूर सांगणार, तो नियम सांगणार. दोघंबी खरंच बोलताय, आणि गाडी मात्र तिथंच उभी." काढा म्हटलं.

पाइप काढल्यावर उजव्या मडगार्डला बशीएवढं भोक राहिलं. त्याचं काम मी दोन तास स्टुलावर बसून बघितलं, कॉलेजला दांडी मारून. बाहेर कुणीही त्यावर नवा पत्रा ठोकून पुटीनं लिंपला असता. चाचांनी भंगारातून दुसऱ्या एका जिप्सीचं मडगार्ड आणलं आणि त्याच जागेचा, त्याच गोलाईचा तुकडा कापला. म्हणाले, पत्र्याला आपली जागा माहीत असते. कडा कानशीनं घासून दोन्ही तुकडे असे भिडवले की मधून पोस्टकार्ड जाऊ नये. मग सलग वेल्डिंग नाही. इथं एक टाका, तिथं समोर एक टाका, ओलं फडकं फिरवायचं, थांबायचं, परत एक टाका. सलग मारलं असतं तर पत्रा तापून पापडासारखा वळला असता. आत डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून छोटी हातोडी. ठोकताना ते बघत नव्हते, डोळे मिटून डाव्या हाताच्या तळव्यानं पत्रा चाचपत होते. शेवटी मला म्हणाले, "हात फिरवा, कुठं जोडलंय सांगा." मी तीनदा हात फिरवला. सांगता आलं नाही. आयुष्यभर भोकं पाडायची कला कमावलेला माणूस ते भोक कधी नव्हतंच असं करून दाखवत होता. या एका कामाला मी दहापैकी दहा देते, आणि मी पेपर तपासताना कशी आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

दिव्यांचं प्रकरण माझ्या विषयातलं, म्हणून जरा लांबवते. एलईडी पट्टी उतरवली, ठीक. समोरच्याचे डोळे दिपवणारी ती वस्तू मला कधीच आवडली नव्हती. शंभर-नव्वदचे बल्ब काढून कंपनीचे ६०/५५ चे लावले, तेही ठीक. पण त्या बल्बांसाठी तात्यांनी रिलेचं, म्हणजे बल्बला थेट बॅटरीवरून वीज देणाऱ्या स्विचाचं, वेगळं वायरिंग ओढून घेतलं होतं. शेजारच्या एका दुकानातला मुलगा म्हणाला, तेपण काढा, मॉडिफिकेशनच आहे. मी घरून मल्टिमीटर आणला. बॅटरीवर इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट. कंपनीच्या जुन्या वायरमधून, स्टिअरिंगजवळच्या स्विचातून फिरून बल्बपाशी पोचेपर्यंत ११.६. रिलेमधून १३.३. व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर हॅलोजनचा उजेड तीसएक टक्क्यांनी घसरतो. म्हणजे रिले काढला असता तर दंडोबाच्या रस्त्यानं रात्री मी साठएक टक्के उजेडात गाडी चालवली असती. बल्ब तोच, झोत तोच, आरसीतला एकही तपशील बदललेला नाही. फक्त २५ वर्षं जुन्या वायरीवरचा भार कमी झाला. चाचांनी रिले ठेवला. त्यांचं साधं गणित आहे, "कागदावर जे लिवलंय ते बदलायचं न्हाई, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्याला त्रास व्हायला नको. बाकी माझी गाडी, माझी वायर." दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या शेडमध्ये एक दिवस बसलं तर बरं होईल, असं मला या वाक्यावर वाटलं.

कारण गोची अशी आहे की सायलेन्सरमधून फटाके फोडत रात्री अकराला कॉलेज कॉर्नरवरून जाणारं पोर आणि पुरात दूध पोचवणारे तात्या कायद्याच्या एकाच कप्प्यात आहेत. फटाक्याच्या सायलेन्सरला तर दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि तो हवाच. पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो पेपरात आले की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवते. पण बाकीच्यांना विचारतं कोण? माझा धाकटा भाऊ इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो. तिकडं २०२१ मध्ये सरकारनं गाडीत फेरफार करण्यावर कडक नियम आणायचा प्रस्ताव ठेवला तेव्हा गाड्यांचा नाद असणाऱ्यांनी एक लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेकडं केला. आपल्याकडंही नियमांचा मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवतात, साधारण तीस दिवस देतात. हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "राजपत्र पेपरवाल्याकडं मिळतंय व्हय?" विनोद म्हणून नाही, खरंच विचारलं. तेव्हापासून परिवहन मंत्रालयाचा गॅरेजवाल्यांच्या कामाचा मसुदा आला की मी त्याचा मराठी सारांश काढून त्यांना वाचून दाखवायचा, असं ठरलंय. एकदा झालंही. सहा मेकॅनिक, एक रिक्षावाला, आणि चहा. हरकत लिहायची वेळ आली तेव्हा सगळे म्हणाले, तुम्हीच लिवा, तुमचं अक्षर चांगलं हाय.

विम्याचंही चाचांनी न विचारता सांगितलं, हे मला आवडलं. बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर क्लेमच्या वेळी तेच बोट ठेवतात. त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा असाच अडकलाय.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

पहिली वेळेची. १२ ऑगस्टचा वायदा होता. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत करता येतो, म्हणजे मला १५ ऑगस्टपासून करता आला असता, आणि मी तसंच ठरवलं होतं. १२ ला गेले तर गाडी पुटी लावून उभी, पांढरे-करडे डाग, रस्त्यावरच्या कुत्र्यासारखी. रंगारी कुठाय? तर रंगारी गणपतीला. म्हणजे गणपती रंगवायला. चाचांकडं स्प्रे गन मारणारा जो पोरगा आहे तो श्रावण लागला की मूर्तिकाराकडं जातो, कारण तिथं महिन्यात तिप्पट मिळतात. हे चाचांना जुलैत माहीत होतं. मला सांगितलं नाही. २७ ऑगस्टला गणपती बसले, २८ ला रंगारी उगवला, नखांत अजून सोनेरी रंग, आणि ३० ला गाडी मिळाली. दरम्यान ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात केंद्रानं वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार केली. तो उशीर मला रोख पाच हजारांना पडला. चाचांना म्हटलं तर म्हणाले, "बाप्पासमोर आपलं काय चालणार?" मुसलमान माणसानं हे म्हटल्यावर मी भांडू काय? मजुरीतले हजार रुपये मात्र सोडायला लावले. वरच्या रकमेत ते धरलेले आहेत.

दुसरी, रंगाची. लांबून झकास. जवळून ऊन तिरपं पडलं की डाव्या दारावर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झाक दिसते. ३४,००० घेतल्यावर ती दिसायला नको होती. घाईचा रंग आहे तो, दोन दिवसांत उरकलेला.

तिसरी, वस्तू हरवण्याची. मागच्या सीटचे मूळचे चार बोल्ट मी डब्यात घालून, वर नाव लिहून दिले होते. डबा आहे. बोल्ट नाहीत. दुसरे घातले, एकाचं डोकं मोठं आहे.

बिलाचंही सुधारा. नोकरदार माणसाला कागद लागतो. पेन्सिलीचा हिशेब प्रामाणिक आहे, मी पडताळून पाहिला: टायर २१,६००, रंग-पत्रा ३४,०००, शॅकल-बुश-शॉकअप ११,५००, जुना पण कंपनीचा सायलेन्सर २,८००, बंपर ३,०००, मजुरी १०,०००. पैशाची लबाडी कुठं नाही. पण उद्या काही झालं तर ग्रीसचा अंगठा घेऊन मी कुठं जाऊ?

तपासणीला काय झालं विचाराल, तर काहीच झालं नाही. इन्स्पेक्टरनं चासिस नंबर पाहिला, दिवे, ब्रेक, हॉर्न, एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, पाहिली, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "इतकी कोरी जिप्सी आता बघायला मिळत नाही." चाचा बोळाच्या तोंडाशी वाटच बघत होते. त्यांना हे सांगितलं तर हसले, आणि मग एकदम गप्प झाले. भिंतीकडं तोंड केलेल्या त्या पाटीकडं बघत म्हणाले, कोरी गाडी कंपनीबी देती.

नाद असणाऱ्यांसाठी एक आशा त्यांनीच दाखवली. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, वीस हजार फी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट अशी की चासिस, बॉडी, इंजिनात मोठी फेरफार झालेली नको. आमची गाडी पन्नाशीची होईल २०५० ला, तेव्हा मी ७१ वर्षांची असेन. चाचांनी आत्ताच नंबर लावून ठेवा म्हणून सांगितलंय.

हिरवा रंग सगळीकडून गेला. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतून तेवढा राहिलाय, हातभर. तो मी राहू द्या म्हटलं नव्हतं, रंगाऱ्याचा हात पोचला नाही. नंतर मारून देतो म्हणाले. मी विषय काढलेला नाही.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर बोळात टेम्पो लागतात आणि गाडी वळत नाही. शुक्रवारी दुपारी बंद. चहा नको म्हटलं तरी येतो. आणि काम झाल्यावर गाडी तिथंच दहा मिनिटं चालवून बघा, सगळी बटणं दाबून. मी तसं केलं नाही. तीन सुरांचा हॉर्न काढताना कुठली तरी अर्थिंग सुटलीय, उजवा इंडिकेटर दिला की डावाही मंद लुकलुकतो. दोनदा नेली, दोनदा "आता झालं" म्हणाले. येत्या सोमवारी तिसऱ्यांदा नेणार आहे, मल्टिमीटर घेऊन.